मान की मजुरी? शिंगणापूरच्या पायथ्याची हलगी आणि केंटकीच्या डोंगरातला बेंजो

चैत्र लागला की आमच्या नातेपुते परिसरात दोन मिरवणुकांची तयारी सुरू होते. एक शिखर शिंगणापूरच्या यात्रेची. लांबून पायी आलेल्या कावडी याच भागातून पुढे जातात आणि कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाट चढून शंभू महादेवाच्या डोंगरावर पोहोचतात. दुसरी मिरवणूक १४ एप्रिलची, आपल्या बापाची. दोन्ही मिरवणुकांत हलगी वाजते आणि बऱ्याचदा वाजवणारे हातही तेच असतात.

दरवर्षी जयंतीच्या बैठकीत यावरून वाद होतो. एक गट म्हणतो, डॉल्बी लावा, पोरांना तेच पाहिजे. दुसरा म्हणतो, हलगी लावा, आपली आहे. आणि एखादा वाचलेला, विचार करणारा कार्यकर्ता उठून म्हणतो, "हलगी ही गुलामीची खूण आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गावकीची कामे सोडायला लावली. तीच हलगी पुन्हा बाबासाहेबांपुढे वाजवायची?"

मित्रांनो, हा तिसरा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे आपल्या आज्या-पणज्यांचा अपमान उभा आहे. पण तो जसाच्या तसा मान्य केला, तर आपण एक मोठी चूक करू. ती चूक एका दुसऱ्या शोषित समाजाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी केली आणि तिची किंमत त्यांचे वंशज आजही मोजत आहेत. म्हणून हा लेख.

वाजंत्र्याचे वर्ष

आधी आपल्या मातीतला वाजंत्री पाहू. माळशिरस, माण, सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत हा सगळा कमी पावसाचा पट्टा. नीरा उजव्या कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला, डोंगराकडची गावे मात्र कोरडीच राहिली. या पट्ट्यात वाजवण्याचे काम प्रामुख्याने होलार आणि मातंग समाजाकडे होते. काही गावांत ते महारांकडेही होते. होलारांचा ताफा म्हणजे सनई, तिला साथ देणारा सूर, डफ किंवा हलगी, ढोल आणि झांज.

हे काम सोपे नाही. सनईवाल्याला नाकाने श्वास घेत गालांत हवा धरून ठेवावी लागते, तेव्हा कुठे आवाज न तुटता चालतो. सूर धरणाऱ्याला तासन्‌तास एकच स्वर ओढावा लागतो. हलगीची गोष्ट वेगळी. लोखंडी कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे हवेतल्या ओलाव्याने सैल पडते. म्हणून वाजवण्याआधी पाचोळा पेटवून ती शेकावी लागते. जास्त शेकली तर कातडे फाटते, कमी शेकली तर आवाज बसतो. किती शेकायची, हे शिकवणारे पुस्तक नाही. ते बापाच्या शेजारी उकिडवे बसूनच कळते. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी. एक हात ठेका धरतो, दुसरा त्यात दाणे भरतो. वरातीची चाल वेगळी, कुस्तीच्या आखाड्याची वेगळी, देवाच्या छबिन्याची वेगळी, मयताची वेगळी.

आता या कलावंताचे वर्ष बघा. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई. चैत्रात यात्रा-जत्रा. पाऊस सुरू झाला की काम बंद. मग रोजंदारी, ऊसतोड, वीटभट्टी, नाहीतर उसनवारी. वर्षाचे चार-पाच महिने "या, वाजवा" आणि उरलेले महिने "कोण तू?"

आणि वाजवतानासुद्धा जागा कुठे? मंडपाच्या बाहेर. लग्न लागेपर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही. जेवणाच्या पंगतीत मात्र त्याला शेवटी आणि बाजूला वाढायचे, हा रिवाज कालपरवापर्यंत होता, काही ठिकाणी आजही आहे. जुन्या काळी तर मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य. तेही मालक देईल तेवढे आणि हात जोडून मागितले तरच.

या सगळ्या व्यवहाराला गावाने एक गोड नाव दिले होते, 'मान'. देवापुढे वाजवायचा मान. पाटलाच्या दारात वाजवायचा मान. पालखीपुढे चालायचा मान.

इथेच थांबून प्रश्न विचारा. जो मान नाकारता येत नाही, तो मान कसला? वाजवायला गेला नाही तर बलुते बंद, गावात बोलणे बंद, प्रसंगी मार. आज्ञा मोडल्यावर शिक्षा होते त्याला जगाच्या पाठीवर कुठेही मान म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात. ब्राह्मणी व्यवस्थेची हीच चलाखी आहे. ती नुसती वेठ लादत नाही, तर वेठ ओढणाऱ्याला तिचा अभिमान वाटेल अशी सोय करते. मुंगी घाटात कावड वर चढते तेव्हा कोणत्या कावडीचा मान कुणाचा, हे वर्तमानपत्रात नावानिशी छापून येते. तिच्यापुढे हलगी कुणी वाजवली, हे छापून आलेले मी अजून वाचलेले नाही.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे आणि गावकीची हलकी कामे सोडण्याचा संदेश दिला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. त्यांचा मुद्दा स्पष्ट होता. वतनाच्या नावाखाली दिवसरात्र, वेळेचे बंधन नसलेली आणि ठरलेला पगार नसलेली राबणूक चालते. तिच्या जागी ठरलेले काम आणि ठरलेले वेतन पाहिजे, नाहीतर त्यातून सुटका पाहिजे. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा शेवटी १९५८ मध्ये झाला आणि १९५९ पासून लागू झाला. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर प्रश्नच उरला नाही. ज्या देवांना मानायचे नाही अशी प्रतिज्ञा घेतली, त्यांच्यापुढे वाजवायचे कशाला? गावोगावच्या आपल्या माणसांनी वाद्ये खाली ठेवली. काहींनी ती फोडली. हा विद्रोह होता आणि तो योग्यच होता. ज्यांनी बहिष्कार आणि उपासमार सोसून टिपरू खाली ठेवले, त्यांच्यामुळे आज आपण शिकलो.

पण बाबासाहेब संगीताच्या विरोधात होते का? अजिबात नाही. ते स्वतः मोठ्या वयात व्हायोलिन शिकले. त्यांच्या हयातीत भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, तमाशाचा बाज तोच, पण गण-गवळणीच्या जागी समतेचा विचार. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गाणी लिहून अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेब पोहोचवले. वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णाभाऊ साठेंनी तमाशाचे लोकनाट्य केले आणि डफाच्या थापेवर कामगार उभा केला.

चळवळीत एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देणगी म्हणून देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. कारण हे पैसे आमच्या समाजातल्या स्त्रिया नाचवून आलेले होते. बापूराव जन्माने ब्राह्मण, त्यांचे मूळ आडनाव कुलकर्णी. त्यांचा फड ज्या पवळाबाईंनी गाजवला त्या महार. शाहीर म्हणून इतिहासात मोठे नाव बापूरावांचे झाले आणि पवळाबाई त्यांच्या गोष्टीतले एक पात्र होऊन राहिल्या. बाबासाहेबांचा नकार लावणीला नव्हता. कला कुणाची, कष्ट कुणाचे आणि नाव-पैसा कुणाचा, या हिशोबाला तो नकार होता.

म्हणजे सोडायची होती ती वेठ, वाद्य नव्हे. हुकमाने वाजवणे आणि हक्काने वाजवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपण वेठीबरोबर वाद्यही टाकून दिले. टाकून दिलेल्या वाद्याचे काय होते, हे बघायचे असेल तर थोडा वेळ अमेरिकेत चला.

केंटकीच्या डोंगरातली गोष्ट

आपल्याकडे लग्नात, गणपतीत, जयंतीत 'बेंजो पार्टी' वाजते. पोरांना वाटते हे मुंबईचेच वाद्य. खरे तर आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो हा १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झाला. पण 'बेंजो' हे नाव आले ते वेगळ्याच वाद्यावरून. भोपळ्यावर कातडे ताणून त्याला दांडी आणि तारा लावायच्या, ही पश्चिम आफ्रिकेतली रीत. जहाजांत कोंबून अमेरिकेत नेलेल्या गुलामांनी ती आठवणीत जपली आणि तिथे पुन्हा वाद्य बनवले. शेकडो गुलामांचा मालक आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात लिहून ठेवले आहे की हे वाद्य या लोकांनी आफ्रिकेतून आणले.

मालकांना वाद्याची ताकद ठाऊक होती. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वापरायला बंदी घातली. मालकाच्या नाचगाण्यासाठी वाजवा, स्वतःच्या जमावासाठी वाजवू नका! ओळखीचे वाटते ना? आपल्याकडेही वरातीत, यात्रेत आमची हलगी चालते. पण तोच आवाज जयभीमसाठी निघाला की डोकी फिरतात. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या आपल्या तरुणाचा खून झाला. वाद सुरू झाला होता तो मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून.

पुढे काय झाले? १८४० च्या दशकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून, हातात बेंजो घेऊन काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ सुरू केले. ते अफाट चालले. बेंजो म्हटले की दात विचकणारा मूर्ख काळा गुलाम, असे चित्र देशभर पक्के झाले. गुलामगिरी कायद्याने संपली, शिकलेली नवी काळी पिढी आली. तिला हे वाद्य हातात धरण्याची लाज वाटू लागली. तिने ते खाली ठेवले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपणही तेच केले. अपमान झालेल्या माणसाला अपमानाची वस्तू डोळ्यांपुढे नकोशी होते.

दरम्यान हे वाद्य अपालाचियाच्या डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांच्या हाती गेले होते. तेही सुखी नव्हते. दगडगोट्यांची शेती, कोळशाच्या खाणी, आठवडाभर राबून शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी नाचगाणे. त्या घरांत काळे आणि गोरे वादक एकमेकांचे ऐकून शिकत होते. मग १९२० च्या दशकात ग्रामोफोन कंपन्या आल्या. त्यांनी बाजारासाठी दोन याद्या केल्या. काळ्यांच्या रेकॉर्डची एक यादी, डोंगरातल्या गोऱ्यांची दुसरी. काळा माणूस बेंजो किंवा फिडल, म्हणजे त्यांचे व्हायोलिन, घेऊन गेला तर तो कोणत्याच यादीत बसत नव्हता. कंपनीने जणू वाद्यांची जात ठरवून टाकली.

याच डोंगरी संगीतातून पुढे 'ब्लूग्रास' नावाची शैली घडली. तिचा जनक मानला जातो तो केंटकीतल्या रोझीन गावचा बिल मन्रो (१९११–१९९६). त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यात डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा बेंजोवाला आला आणि ती शैली पक्की झाली. या मन्रोला लहानपणी आपल्यासोबत नाचगाण्यात वाजवायला बसवणारा एक माणूस होता, आर्नल्ड शुल्ट्झ. काळा, कोळसा खाणीत राबलेला, गिटार आणि फिडल दोन्हीत तयार. मन्रोने त्याचे ऋण आयुष्यभर मान्य केले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला तेव्हा त्याच्या वादनाची एकही रेकॉर्ड मागे नव्हती. आज त्याचा हात कसा होता, हे कोणालाच ऐकता येत नाही.

दुसरा माणूस डीफोर्ड बेली. 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा लोकप्रिय कलावंत, माउथ ऑर्गन वाजवणारा, काळा. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढले. पुढची अनेक वर्षे त्याने नॅशव्हिल शहरात बूट पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. त्या क्षेत्राच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागले ते २००५ मध्ये. तो वारला होता १९८२ मध्ये.

पन्नास-साठ वर्षांत अशी स्थिती आली की बेंजो म्हणजे गोऱ्या डोंगरी माणसाचे वाद्य, हेच सगळ्यांना खरे वाटू लागले. काळ्या मुलांनाही! आपल्याच पणजोबाने बनवलेली वस्तू त्यांना परक्याची वाटू लागली.

आणि मग उलटे चाक फिरले. एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी काळ्या बेंजोवादकांचा मेळावा भरला. त्यातून तीन तरुण एकत्र आले. ते दर आठवड्याला जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याकडे जाऊन शिकू लागले. तो तेव्हा ८६ वर्षांचा होता. आपल्या पिढीतल्या उरल्यासुरल्या काळ्या फिडलवाल्यांपैकी तो एक. या तरुणांच्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' या ताफ्याला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार ही दुय्यम गोष्ट. खरी गोष्ट ही की म्हातारा जिवंत असताना पोरे त्याच्या दारात पोहोचली. २०१२ मध्ये तो गेला. सात वर्षे उशीर झाला असता तर शिकवायला कोणी उरले नसते.

बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडे लक्ष ठेवले होते, १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. लढणे आपण त्यांच्याकडून शिकलो. आता जपणेही शिकू.

आपण कुठे उभे आहोत?

हलगीचे आज नेमके तेच होऊ घातले आहे. शहरांतल्या ढोल-ताशा पथकांत आज सुशिक्षित, सवर्ण घरांतली मुले-मुली अभिमानाने वाजवतात. वाजवू देत, वाद्यावर कुणाचा मालकी हक्क नाही. पण तेच चामड्याचे वाद्य त्यांच्या कमरेला आले की 'संस्कृती' होते आणि होलाराच्या गळ्यात असले की 'धंदा'. वाद्य बदलले नाही, माणसाची जात बदलली. वृद्ध कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. तिथे पुरावे मागतात, प्रमाणपत्रे, कात्रणे, फोटो. चाळीस वर्षे वरातीपुढे चाललेल्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार? नवरदेव?

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडेही बघू. आपण बौद्ध झालो, शिकलो, नोकऱ्यांत गेलो. होलार, मातंग बांधव बरेच मागे राहिले, कारण गावाने त्यांना सोडले नाही आणि आपणही त्यांना सोबत घेतले नाही. जयंतीत डॉल्बीवाल्याला हजारो रुपये आगाऊ देतो आणि हलगीवाल्याशी शे-पाचशेसाठी घासाघीस करतो. त्याला जेवायला कुठे बसवले, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? सवर्णाने त्याला मंडपाबाहेर ठेवले, ती जातीयता. आपण ठेवले तर ती काय? जातीच्या उतरंडीत प्रत्येक पायरीला तिच्याखाली एक पायरी दिसते आणि त्या समाधानावरच ही व्यवस्था टिकते, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले ना?

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो.

एक, कोणत्याही मुलाच्या हातात आधी पुस्तक, मग टिपरू. 'परंपरा जपा' म्हणत होलाराच्या पोराला शाळेतून काढून वरातीत उभे करणे ही जुनीच वेठ आहे, फक्त तिला नवा रंग दिलेला. वाजवायचे की नाही, हे त्याने ठरवावे. आणि हलगी फक्त त्याच्याच पोराने का शिकावी? आपल्या पोरा-पोरींनीही शिकावी. वाद्याची जात मोडण्याचा तोच मार्ग आहे.

दोन, जयंती मंडळांनी हलगी-सनईच्या ताफ्याशी आधी व्यवहार ठरवावा. रक्कम, वेळ, विश्रांती, जेवण, सगळे बोलून. पंगत एकच. पत्रिकेवर वक्त्याच्या नावाखाली वादकांचीही नावे छापावीत. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त मन लागते.

तीन, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या वाजंत्र्यांकडे जा. त्यांच्या चाली, त्यांची हकिगत, कुठे वाजवले, काय मिळाले, काय सोसले, हे त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. तेच रेकॉर्डिंग मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडा आणि अर्ज भरायला त्यांच्यासोबत कचेरीत जा.

आता त्या बैठकीतल्या तिसऱ्या कार्यकर्त्याला माझे उत्तर. दादा, तुझा राग खरा आहे. पण गुलामी हलगीच्या कातड्यात नव्हती. ती 'ये, वाजव' म्हणणाऱ्याच्या आवाजात होती आणि नाही म्हणता न येणाऱ्याच्या पोटात होती. ज्या दिवशी वाजवणारा आपल्या मर्जीने, ठरल्या दामाने, ताठ मानेने वाजवतो आणि नको असेल तेव्हा टिपरू खाली ठेवून घरी जातो, त्या दिवशी ती हलगी महाडच्या बाजूची होते.

आर्नल्ड शुल्ट्झचा आवाज कायमचा गेला. आपल्या पट्ट्यातले म्हातारे वाजंत्री अजून आहेत. पुढच्या १४ एप्रिलची वाट न बघता या रविवारी त्यांच्या दारात जा.

जय भीम!